गवत चार महिन्यांचं, हप्ता बारा महिन्यांचा

पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे एकोणतीस वर्षांचे आहेत. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या बागेत सहा वर्षं नोकरी करतात, हातात महिन्याला १९,००० रुपये पडतात. आसगाव-शिवोली भागात बाहेरच्या लोकांनी घेतलेल्या बंगल्यांची अंगणं आणि बागा राखायचा स्वतःचा धंदा काढावा, असं त्यांच्या मनात आहे. तिघा घरमालकांनी ‘तू सुरू कर, काम आम्ही देतो’ म्हटलंय. त्यातल्या एकाला पहिला महिना फुकट हवा आहे. बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, दोन ब्रश कटर (लांब दांड्याची, हातात धरून गवत कापायची यंत्रं) आणि एक जुनी पिकअप यांसाठी साडेचार लाखांचं कर्ज काढायचं आणि पावसाआधी राजीनामा द्यायचा, असा बेत आहे. आतेभाऊ जोडीला यायला तयार आहे, पत्नीची हरकत नाही. मामी म्हणते, ‘बारावी होऊन लोकांचं गवत कापणार?’ वडिलांनी मात्र बोलणंच टाकलंय. ‘त्यांना माझ्या कामाची लाज वाटते. त्यांना कसं पटवू?’ असं विचारून पत्र संपतं.

---

तुमचं पत्र चार पानी आहे. तीन पानं यंत्रांवर, पाऊण पान घरमालकांवर, आणि वडिलांवर जेमतेम पाच ओळी. त्या पाच ओळींत एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलं आहे: ‘खाणी चालू होत्या तेव्हा बाबांचा ट्रक होता.’ मी तिथूनच सुरुवात करते, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे.

डिचोली-सत्तरीत ज्यांच्या घरी खाणीचं खनिज वाहणारा ट्रक होता त्यांना तारखा सांगाव्या लागत नाहीत. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मधे थोड्या हलल्या, आणि २०१८च्या मार्चात पुन्हा बंद पडल्या. माल नाही म्हणून ट्रक दारात उभा राहिला, पण बँकेचा हप्ता कधी उभा राहत नाही. तुम्ही तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाचे असणार. रात्री जेवताना घरात काय बोलणं व्हायचं ते आठवून पाहा. आता त्याच माणसाला मुलगा येऊन सांगतो की कर्ज काढून यंत्र घेतो, गाडी घेतो, आणि काम तीन माणसांनी तोंडी कबूल केलंय. ते गप्प बसले, ते तुमच्या गवताच्या लाजेने असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत असेल, आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘हप्तो कोण भरतलो?’

माझा अंदाज चुकीचाही असू शकेल. पण लाजेची बाब मनातून बाजूला ठेवून हप्त्याबद्दल एकदा बोलून बघा. लाजेवर वाद घालता येत नाही, हप्त्याचा हिशेब मांडता येतो.

तोच आता मांडू. साडेचार लाख, पाच वर्षं, अकरा टक्के व्याज धरलं तर महिन्याला पावणेदहा हजारांच्या आसपास हप्ता बसतो. म्हणजे आजच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त, आणि तोही पहिल्या महिन्यापासून.

या कर्जातला मोठा वाटा त्या बसून चालवायच्या यंत्राचा आहे, आणि तेच तुम्हाला लागणार नाही. हॉटेलच्या सपाट, रोलर फिरवलेल्या हिरवळीवर ते छान चालतं, तुम्ही तिथे चालवलंही असेल. पण आसगावचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. अरुंद फाटक, चिऱ्यांच्या पायऱ्या, मधे विहीर, माडांची आळी, कोपऱ्यात तुळशीवृंदावन नाहीतर खुरीस (क्रूस), आणि गवतात दडलेले जांभ्या दगडाचे कंगोरे. दोन लाखांहून जास्त किमतीचं यंत्र अशा अंगणात वळवायलाच जागा मिळत नाही. ब्रश कटर सात-आठ हजारांपासून तीसेक हजारांपर्यंत मिळतात. चांगल्या कंपनीचा एक आणि अडीनडीला दुसरा, हाताने ढकलायचा एक साधा मोअर, कात्र्या, खुरपी, कोयते, पंजा, एवढं ऐंशी-नव्वद हजारांत बसायला हरकत नाही. पिकअप आत्ता नकोच. ब्रश कटरचा दांडा दोन तुकड्यांत सुटणारा घ्या, आणि मोअर एखाद्या घरमालकाच्या शेडमध्ये ठेवता येतो का ते विचारा.

यंत्र निवडताना एक बघा: सुटा भाग म्हापशात मिळतो का आणि दुरुस्त करणारा जवळ आहे का. जुलैत यंत्र आठ दिवस दुरुस्तीला अडकलं तर गवत तुमच्यासाठी थांबत नाही.

या धंद्यात माणूस घसरतो तो पावसाच्या हिशेबात. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मृग लागला की आठ दिवसांत अंगण हिरवं होतं आणि महिन्याभरात घोट्याच्या वर. तुम्ही ‘दर कापणीमागे इतके’ असा भाव लावलात तर पावसात पैशाला पैसा लागेल आणि फेब्रुवारीपासून फोन येणं बंद होईल. मार्चमध्ये आतेभाऊ दुसरीकडे कामाला लागेल, आणि जूनमध्ये तुम्ही एकटे.

म्हणून भाव वर्षाचा ठरवा आणि पैसे दर महिन्याला सारखे घ्या. आकडे मी समजण्यापुरते धरते, तुम्ही तुमचे भरा. समजा तीनशे चौरस मीटरचं अंगण. जून ते ऑक्टोबर दर अकरा दिवसांनी एक फेरी, म्हणजे तेरा. उरलेल्या सात महिन्यांत महिन्याला दोन, म्हणजे चौदा. वर्षाला सत्तावीस फेऱ्या. (पंचांगातली नक्षत्रंही सत्तावीसच. माझी आजी पेरणीपासून लोणच्यापर्यंत सगळं नक्षत्रावर करायची, तिला हा हिशेब लगेच पटला असता.) एका फेरीला दोघांचा अर्धा दिवस: माणशी नऊशे रोज धरला तर नऊशे रुपये. पेट्रोल आणि ऑइल दीडशे, येणं-जाणं दीडशे, यंत्राची झीज शंभर. फेरी पडली १,३०० रुपयांना, वर्षाला ३५,१००. त्यावर बुडीत पैसे, फुकट गेलेल्या खेपा आणि तुमची डोकेफोड यासाठी पाव हिस्सा चढवला की ४४,००० च्या आसपास. बाराने भागून एका घराकडून महिन्याला ३,६५० रुपये.

आता नीट बघा. ज्या महिन्यात तीन फेऱ्या पडतील त्यात खर्च ३,९०० आणि हातात ३,६५०. म्हणजे भर पावसात, तुम्ही सगळ्यात जास्त राबत असता तेव्हाच, प्रत्येक घरामागे अडीचशे रुपये पदरचे जातात. ते फेब्रुवारीत भरून निघतात, कारण तेव्हा फेऱ्या दोनच. हे आधी माहीत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण उन्हाळ्यात शिल्लक दिसली म्हणून मोबाइल घेतला, तर जुलैचा पगार आतेभावाला कुठून देणार?

तुम्ही स्वतः दोघांतले एक म्हणून राबलात, तर तुमचा रोज आणि वरचा पाव हिस्सा मिळून एका घरामागे महिन्याला साधारण १,७४० रुपये तुमचे. तीन घरांचे सव्वापाच हजार. आजच्या पगाराइतके व्हायला अकरा घरं लागतील. प्रॉव्हिडंट फंड आणि आजारपणाची रजा त्यात धरलेली नाही. एका जोडीला दिवसात दोन घरं होतात; पावसाचे वाया जाणारे दिवस सोडले तर अकरा दिवसांच्या फेऱ्यात पंधरा-सोळा घरांच्या वर जमत नाही. म्हणजे अकरा ते पंधरा घरं, एवढीच तुमची पहिली पट्टी आहे. त्याखाली पोट भरत नाही, त्यावर माणूस वाढवावा लागतो.

याच हिशेबातून या पावसाळ्याचा मार्ग निघतो. महिन्याला चार सुट्या, सुटीला दोन घरं, म्हणजे आठ फेऱ्या. तीन घरांना महिन्याला तेवढ्याच लागतात. तेव्हा राजीनामा देऊ नका. आतेभावाला घेऊन ही तीन घरं चार महिने सुटीच्या दिवशी करा. थकाल, सणासुदीला चिडचिड होईल, पत्नीला आधी सांगून ठेवा. पण हस्त संपेपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की महिन्याच्या पाच तारखेला कोण पैसे पाठवतो आणि कोण तीनदा आठवण करायला लावतो. नोकरीच्या कागदात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, ते मात्र आधी वाचा. हॉटेलची यंत्रं आणि हॉटेलचे पाहुणे या दोन्हींना हात लावू नका.

चौथं घर घेताना ते पहिल्या तिघांच्या वाड्यावरच शोधा. एका वाड्यावरची चार घरं चार गावांत पसरलेल्या सहांपेक्षा परवडतात. डिचोलीहून म्हापसा ओलांडून रोज जाण्यापेक्षा साखळी-डिचोलीतल्या सोसायट्या, शाळा, देवळांची आवारं यांनाही विचारून बघा. पैसे कमी देतील, पण पंधरा मिनिटांवर आहेत. फोंड्याहून आणि पेडण्याहून याच विषयावर पत्रं आली आहेत, त्यांनाही हे लागू आहे. पेडण्याच्या वाचकाने मोपाचा विमानतळ झाल्यावर आसपास घरं कशी उठतायत ते बघून लगेच गाडी घ्यायची म्हटलंय. घरं उठू देत, गाडी थांबू शकते.

आता कामाबद्दल. तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही, पण गिऱ्हाईक म्हणून एक सल सांगते. माझ्या परसात मानकुराद आंब्याचं तीन वर्षांचं कलम होतं. गवत कापायला आलेल्या मुलाने ब्रश कटरची नायलॉनची दोरी बुंध्याला अगदी घासून फिरवली. अंगण आरशासारखं झालं. बुंध्याची साल मात्र सगळीकडून गोल सुटली होती, आणि दिवाळीपर्यंत कलम वाळलं. त्या मुलाला मी परत बोलावलं नाही, आणि त्याला कारणही कळलं नाही. लहान झाडांभोवती हातभर जागा खुरप्याने बेणून घ्या, तिथे यंत्र नेऊच नका. घरमालकाला हे दाखवून सांगा. तेवढ्या एका गोष्टीवर तुमचं नाव दुसऱ्या घरी जाईल.

कारण दिल्ली-मुंबईच्या त्या मालकाला गवताचं फारसं काही पडलेलं नसतं. तो पावसात इथे नसतो. त्याच्या कुलूपबंद घरी महिन्यातून तीनदा कुणीतरी भरवशाचं जाऊन येतं, हे त्याला हवं असतं. पन्हळी पानांनी तुंबल्यात का, कौल सरकलंय का, माडाची चुडतं गाडीच्या शेडवर लोंबतायत का, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचून डास होतायत का. दर फेरीला कामाआधीचे दोन आणि नंतरचे दोन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, खाली एक ओळ लिहा. फाटकाची चावी घ्या, घराची घेऊ नका, मालकाने कितीही आग्रह केला तरी. आत काही हरवलं की पहिला संशय चावीवाल्यावर.

माडावर स्वतः चढू नका. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे) मिळत नाहीत अशी सगळीकडे ओरड आहे, म्हणून तर एक-दोन पाडेल्यांशी आधीच बोलून त्यांची वर्षाची पाळी बांधून द्या आणि त्यांचे पैसे मालकाकडून थेट त्यांना मिळू द्या. आतेभावाला हौस असेल तर नारळ विकास मंडळाचं माडावर चढण्याचं प्रशिक्षण असतं, ते घेऊनच.

झाडं तोडण्याच्या बाबतीत कडक राहा. ‘हा फणस व्ह्यू अडवतो, काढून टाक’ असा निरोप एक ना एक दिवस येणारच. गोव्यात १९८४चा झाडं राखण्याचा कायदा आहे, वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती मालकाने त्याच्या नावाने काढावी आणि कागद तुमच्या हातात द्यावा, मग करवत. मालक दिल्लीत असतो, पंचनाम्याच्या वेळी करवत धरून तुम्ही उभे असता.

गवतात घोणस असते, फुरसं असतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, आणि उंच गवतात यंत्र घालण्याआधी काठीने आपटत एक फेरी. चावलं तर कापू नका, बांधू नका, १०८ला फोन करा आणि तो पाय हलवू नका. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी नको, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप पावसातच होतो. चिऱ्याचा खडा उडून गाडीची काच फुटते, तेव्हा काम सुरू करण्याआधी गाडी हलवून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा देतो. तुमचा आणि आतेभावाचा दोघांचा उतरवा, बँकेत दहा मिनिटांचं काम.

उन्हाळ्याचं एकच सांगते, पण मनावर घ्या. जांभ्याच्या पातळ मातीवर हिरवळ फेब्रुवारीपासून पाणी पीत सुटते, आणि एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. मालकाला टँकर मागवायला लावून हिरवळ जगवणारा माळी त्याला पहिली दोन वर्षं आवडतो, तिसऱ्या वर्षी तो बिलं बघतो. त्याआधीच तुम्ही सुचवा: बसायच्या जागेपुरती हिरवळ ठेवू, बाकी अनंत, तगर, जास्वंद, अबोली लावू, माडांच्या बुंध्यात कापलेलं गवत पसरू. गवत कुठे टाकायचं हा प्रश्नही त्यातच सुटतो. रस्त्याकडेला ढीग टाकला तर पंचायत तुमचं नाव शोधून काढेल, आणि जाळायचं तर नावच नको. जुन्या गवतनाशकाची बाटली दाखवून ‘हे मारून टाक’ म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा, शेजारच्या विहिरीचं पाणी तुमच्याच गावचं कुणीतरी पीत असतं.

कागदपत्रं कमी आहेत. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, पैसे मागणारा एजंट असेल तर उठून या. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेतो जीएसटी लागत नाही. पंधरा घरांची साडेसहा लाखांच्या आसपास जाते, म्हणजे ती चिंता आज नाही. कर्ज काढायचंच तर केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत आहे, उरलेलं शिलकीतून घाला. मोठं काही उभं करायची वेळ आली की पणजीत ईडीसीकडे (गोवा सरकारच्या कर्ज देणाऱ्या महामंडळाकडे) मुख्यमंत्री रोजगार योजना आहे, पण ती पुढच्या वर्षीची गोष्ट. काम आणखी शिकायचं असेल तर जुन्या गोव्याला एला इथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन बागकामाची प्रशिक्षणं विचारा.

मामीचं काय? भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या घरात दुसऱ्याच्या अंगणात वाकायची भीती असते, ती मला समजते. तिला वाद घालून उत्तर देऊ नका. पहिल्या बिलाच्या माथ्यावर तुमचं नाव छापलेलं असेल तो कागद चहाच्या वेळी टेबलावर राहू दे.

वडिलांकडे मात्र पटवायला जाऊ नका, विचारायला जा. ट्रकचा हप्ता किती होता, किती महिने ट्रक उभा होता, बँकेशी बोलणं कोणी केलं, शेवटी कसं सुटलात. ट्रकवाल्यांकडे ट्रिपांची वही असायची. ती असेल तर काढून घ्या आणि तिच्यासारखीच घरांची वही त्यांच्याकडून आखून घ्या: तारीख, घर, फेरी, पेट्रोल, कोणाचे किती आले. ती वही त्यांनी ठेवली तर तुमच्यावर नजर राहील आणि त्यांच्या मनालाही काहीतरी धरायला मिळेल. शिवाय ज्याने इंजिन सांभाळलंय त्याला दोन स्ट्रोकच्या यंत्राचा कार्ब्युरेटर काय सांगायचा? वहीला नाही म्हणाले तर यंत्र त्यांच्यापुढे ठेवा आणि प्लग कसा साफ करायचा ते विचारा.

राहिला तो पहिला महिना फुकट मागणारा मालक. इतर दोघांना भाव पाठवाल तेव्हा त्यालाही तोच पाठवा, शब्दन्‌शब्द तसाच: ‘नमस्कार. तुमच्या अंगणाचं वर्षभराचं काम महिना ३,६५० रुपये, वर्षाला सत्तावीस फेऱ्या, प्रत्येक फेरीचे फोटो. गवत, बेणणी, पन्हळी यात आलं. झाडतोड आणि नारळ पाडणं वेगळं. सुरुवातीला दोन महिन्यांचे आगाऊ. काम एक जूनपासून.’ निरोप पाठवून दोन दिवस फोन करू नका. तिघांपैकी दोघे आले तरी या पावसाळ्यापुरते पुरे आहेत, आणि फुकटवाला आला नाही तर त्याच्या वाट्याची सुटी झोपायला मिळेल.